भरतीच्या वेळी गार पडणारे पाय

९ नोव्हेंबर १८९३, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटे. ठाण्याच्या कोठडीत ही वेळ मी वहीत टिपली, आणि ती वही न उघडताही ते प्रकरण मला आज अथपासून इतिपर्यंत सांगता येते. मुंबईस वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर दोन वर्षे मी पोलीस खात्यासाठी स्त्री-कैद्यांची तपासणी करीत असे. ते काम आता सोडले आहे, म्हणून लिहिते. नाव कोणाचेच देत नाही.

खबर एका तरीवाल्याने दिली होती. कल्याणच्या खाडीकाठची एक कोळीण, वय अदमासे पंचवीस, रोज पाण्याकडे पाहून ‘नवऱ्याला मीच बुडवला’ असे म्हणते, एवढीच. नवऱ्याचे प्रेत पावसाळ्यात तिवरांच्या झाडीत सापडले होते आणि अपघात म्हणून कागद बंद झाला होता. फौजदारांनी तिला ठाण्यास आणले. कोणी विचारण्यापूर्वीच तिने कबुली दिली. चार दिवसांनी मॅजिस्ट्रेटपुढे तिने तोच जबाब दिला असता, तर पुढे फाशीच होती.

मला ती कबुली खटकली. गुन्हेगार कबूल झाला तरी शेवटी स्वतःसाठी एखादी सबब राखून ठेवतो. हिने एकही ठेवली नव्हती.

त्या कोठडीला खिडकी नव्हती आणि खाडी तेथून ऐकू येत नसे. तरी बारा चाळीसला ती भिंतीशी सरकली, पाय पोटाशी घेतले आणि शांतपणे म्हणाली, “आला पानी.” मी तिच्या पायांना हात लावला. पोटऱ्या ऊबदार होत्या. घोट्यांखाली मात्र पाय नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे गार आणि ओले होते. फरशी कोरडी होती. मग तिची हनुवटी हळूहळू वर जाऊ लागली. तोंड छताकडे होताच तिने श्वास धरला. मी पंचेचाळीस सेकंद मोजले.

पहाऱ्यावरच्या शिपायाने संध्याकाळी दुसरीकडे नेमणूक मागितली.

दुसऱ्या दिवशी हेच एक पंचवीसला घडले. मी बंदरावरचे भरतीचे कोष्टक मागवले. दोन्ही वेळा पूर्ण भरतीच्या होत्या. फौजदार कोष्टकावर नजर टाकून म्हणाले, “डॉक्टरीणबाई, आता खाडीतली भुतंसुद्धा तुमच्या घड्याळाला विचारून निघणार.” हसले, पण कोठडीकडे फिरकले नाहीत.

तिची सासू रोज भाकरी घेऊन फाटकापाशी बसे. तिला मी सुनेच्या सवयी विचारल्या. पावसाळ्यापासून सून अफू खाते, आणि पहिली गोळी आपणच दिली, हे तिने लपवले नाही. वेळेबद्दल विचारताच तिला माझी कीव आली. “आमच्याकरं घड्याल कंचा, बाय? पानी भरला का येक गोली. परत भरला का दुसरी.”

उलगडा झाला. कोळ्यांचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो, म्हणून तिची अफू भरतीवर चाले, आणि कोठडीत अफू नसल्याने शरीर तीच वेळ मागत होते. त्याच क्षणी मी तिला मात्रा द्यावयास हवी होती. दिली नाही. दोन नोंदींवरून नियम सिद्ध होत नाही, आणि मला यावर लेख लिहून विलायती मासिकात छापून हवा होता. तिसरा झटका, दोन वाजून दहा मिनिटांनी, मी घड्याळ हातात धरून पाहिला. याची लाज मला अजून वाटते.

परंतु त्याच वेळी ध्यानात आले की, अफू उतरताना माणूस थरथरतो, त्याला घाम फुटतो, तसा तिलाही कंप होता; पण त्यात कोणी हनुवटी उचलत नाही. आणि हिचा डावा हात हवेत काही पकडू पाहत असता उजवा लुळा लोंबत होता. मात्रा देऊन मी खांदा तपासला. सांधा निखळलेला होता आणि कित्येक महिने तसाच होता.

मी विचारल्यावर तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितले. ओहोटीला ती नवऱ्यासोबत जाळे काढावयास गेली. तो कमरेपर्यंत चिखलात रुतला. भरती आली. तिने त्याचे मनगट धरून ठेवले. पाणी तिच्या तोंडाशी आले, तरी धरून ठेवले. खांद्याच्या त्याच कळांसाठी सासूने अफू दिली होती.

“मग हात निसटला?” मी विचारले.

“निसटला नाय, बाय. मीनी सोरला.”

अहवालात मी लिहिले की, बुडवणारा ढकलतो. हिचा खांदा खाली ओढला गेला आहे. फौजदारांनी ते दोनदा वाचले आणि आरोप टिकत नसल्याचे मॅजिस्ट्रेटना स्वतःच्या हाताने कळवले. ती सुटली.

सुटल्यावर मी तिची अफू उतरवू लागले. चार गुंजांवरून घड्याळाप्रमाणे तीन, मग दोन. कंप थांबला. मात्र ती जेवेना, आणि दोनदा चालत खाडीत शिरली. दोन्ही वेळा सासूने केस धरून बाहेर ओढली. अफू आणि तो हात मी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले होते. ती चूक होती. जे अफूने झाकले होते, ते मी उघडे केले आणि तिला त्याच्यासोबत एकटी सोडली.

मग मी पद्धत बदलली. दिवसाच्या भरतीला आम्ही तिघी काठावर बसू. आधी तिने नवरा बुडाला त्या दिवसातले झेपेल तेवढेच सांगावे, मग उतरत्या मात्रेची गोळी घ्यावी. कितीतरी दिवस गोष्ट पाणी हनुवटीशी येताच थांबे. हात तिनेच सोडला, हा शेवट सासूला ठाऊक नव्हता. सून त्यालाच भीत होती.

एका दुपारी तिने तो सांगितला. पाणी काठाला लागले होते. म्हातारीने सुनेचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला.

“तू सोरलास,” ती म्हणाली, “म्हनून मना येक तरी राह्यली.”

त्या दिवशीची गोळी सुनेने मागितली, मी दिली. चमत्कार झाला नाही. अफू पूर्ण सुटावयास आणखी दोन महिने लागले, आणि त्यानंतरही भरतीला तिचे पाय गार पडत. त्याचे कारण मला सापडलेले नाही. तो लेख मी कधीच पाठवला नाही. पोलिसांच्या कामात कबुली मिळाली की कागद पुरा होतो. मी शिकले ते एवढेच की कबुली ज्याच्यापाशी द्यावयाची असते, तो माणूस पुष्कळदा कोठडीबाहेर भाकरी घेऊन बसलेला असतो.

वहीतील अखेरची नोंद सासूने, मी तिच्यापाशी ठेवलेल्या घड्याळावरचे काटे दाखवून, सांगितली, मी लिहून घेतली. अफू नाही. सलग झोप: पाच तास वीस मिनिटे.