ऊनरूबाईंची खालची कवळी

कॅन्ससमधल्या हॉलब्रुक गावच्या टेलिफोन-यादीत ऊनरू मंडळींनी दोन पानं अडवली आहेत. त्यात नुसते ‘ए. ऊनरू’च अकरा. त्या अकरांतून एका कर्जवसुली कंपनीच्या माणसाच्या हाती लागल्या त्या शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं बटाटे कुस्करणाऱ्या अर्डिथबाई, कारण बाकीच्या दहांनी फोन ठेवून दिला होता. अर्डिथबाईंना ते जमत नसे. समोरचा निरोप घेईपर्यंत त्या थांबत, आणि ट्रेंट नावाच्या त्या वसुलीवाल्याला निरोप घेण्याचा पगार मिळत नव्हता.

“सतरा वर्षांपूर्वी तुम्ही सोफासेट घेतलात, अर्डिथबाई. आठशे बारा डॉलर. व्याज धरून दोन हजार नऊशे.”

“अरे बाळा, माझ्याकडे अजून सासूबाईंचाच सोफा आहे. बसलं की स्प्रिंग टोचते.”

“म्हणजे सोफा आहे.”

“आहे, पण तो नाही. काही कागद असेल तर पाठव ना.”

“एवढे जुने कागद कुठे शोधू? तुमच्यासारख्यांचा शब्द पुरे.”

बाईंकडे पैसे नव्हते असं नाही. साखरेच्या डब्यात तेराशे डॉलर होते, पण ते दातांचे होते. आणखी शंभर झाले की दंतवैद्य खालची कवळी बसवणार होता. मापसुद्धा घेऊन झालं होतं. बाईंचे बीरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरलेले पाव, खायला चर्चमध्ये रांग लागे. स्वतः बाई मात्र वर्षभर आतलं सारण तेवढं चमच्यानं खात होत्या.

ट्रेंटचे फोन मार्चपासून जूनपर्यंत आले. शाळेत आले, प्रार्थनेच्या वेळी आले. शेवटी तोच म्हणाला, “पंचवीस डॉलर पाठवा. तुमची नियत साफ आहे एवढं दिसलं की मी फोन बंद करतो.”

आता बाईंसारख्या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती माणसाला काय वाटेल ते सांगा, भांडायला सांगू नका. हातात बंदूक धरायची नाही म्हणून या लोकांच्या पणजोबांनी रशियातली चांगली शेतं सोडली होती. पंचवीस डॉलरात शांतता मिळते म्हटल्यावर बाईंना ती स्वस्तच वाटली. त्यांनी चेक पाठवला. ट्रेंटनं शब्द पाळला, फोन बंद झाले. आणि तिसऱ्या आठवड्यात कोर्टाचं समन्स आलं.

“आत्या, तू पैसे दिलेस?” भाची कार्लानं विचारलं.

“पंचवीसच गं.”

“अगं, पाच वर्षांत कायद्याची मुदत संपून मेलेलं कर्ज ते. कुठल्या ऊनरूचं होतं तेही त्यांना धड ठाऊक नाही. तू पंचवीस डॉलर देऊन त्याला उठवून बसवलंस, तेही स्वतःच्या मांडीवर.”

“मग ते माझं नाही असं सांगते नीट.”

“जज्जासमोर सांग. मी वकील बघते.”

“कोर्टात भांडायचं? आपल्यात कोणी भांडलंय का कधी?”

“आपल्यात कोणी न घेतलेल्या सोफ्याचे पैसेही भरले नव्हते, आत्या.”

तारखेला बाई फॉइलमध्ये गुंडाळून सहा बीरॉक घेऊन गेल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात वसुली कंपनीचा वकील चाळीस फायली घेऊन बसला होता. सकाळपासून उपाशी होता बिचारा. पहिला बीरॉक त्यानं उभ्या उभ्या संपवला.

“सोफा माझा नाही हो,” बाई म्हणाल्या.

“नसेलही. पण ते आत जाऊन सांगायचं तर वाद घालावा लागेल. तुम्हाला आवडेल?” त्यानं दुसरा उचलला. “इथेच गोडीत मिटवू. जवळ असतील ते आत्ता, उरलेले पगारातून. इथे सही करा.”

गोडीत म्हटल्यावर बाईंना हायसं वाटलं. कार्ला गाडी लावून वर येईपर्यंत सही झाली होती, आणि वकील बोटं पुसत होता.

दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा रिकामा झाला. पहिल्या तारखेला शाळेनं पगाराचा चौथा हिस्सा कापला. संध्याकाळी बाईंनी दंतवैद्याकडे फोन केला.

“कवळी राहू दे, बाळा.”

“पण ती बनून आलीय, अर्डिथबाई. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडात ती बसणार नाही. बनवल्याचे चारशे तरी द्यावे लागतील.”

बाईंनी साखरेच्या रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “पाठव बिल. हे तरी माझंच आहे.”