हाताएवढी पोरगी

मेहकरहून शेगावला तो टप्प्याटप्प्याने चालत जाई. दर दोन महिन्यांनी त्याचा एक मुक्काम आमच्या शाळेच्या ओसरीवर असे. त्याची लेक शेगावच्या गर्दीत हरवली होती.

"गुरुजी, एवढी पोरगी दिसली काय?" कमरेशी हात धरून तो विचारी.

"बसनं का जात नाही?"

"बसमदून गावं दिसते, मानसं नाई दिसत."

अशी सहा वर्षं गेली. एकदा मी बोलून गेलो, "आता ती मोठी झाली असेल हो."

त्याचा हात हळूहळू छातीपर्यंत वर गेला, अडखळला, खाली आला.

"मंग समोर आली तरी तिले वळखीन कसा?"

सकाळी तो शेगावकडे न जाता मेहकरच्या वाटेने परत निघाला.