रूथ हे नाव घेऊन न्हावऱ्याला

दौंडहून न्हावऱ्याला जायचं तर सकाळची एसटी पकडा. दुपारी गाडीचा पत्रा तापतो आणि या दुष्काळात वाटेत कुठं पाणी मिळेल याचा भरवसा नाही. मी आणि आमच्या चर्चचे पाळकसाहेब पहिल्याच गाडीनं निघालो. काम माझं होतं, विशाखाला मागणी घालायची. पुण्याला आम्ही एका वर्गात होतो. कॉलेज मी मधेच सोडलं, तिला सोडणं जमलं नाही. ती बौद्ध, आम्ही ख्रिस्ती. बाबांची अट एकच, आधी तिचा बाप्तिस्मा, मग लग्न.

चौफुल्यापर्यंत रस्ता बरा, पुढं नुसती आदळआपट. भीमेच्या वाळूत झरे उकरून बायका वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. पाळकसाहेब मला बायबलातलं एज्राचं पुस्तक समजावत होते. इस्राएलानं शेजाऱ्यांच्या मुली बायका करून आणल्या, देवाला विसरला, म्हणून त्या बायकांना मुलांसकट घालवून द्यावं लागलं.

"ती मुलं कुठं गेली?" मी विचारलं.

"ते शास्त्रात नाही."

"मग असायला पाहिजे होतं."

"कॉलेजात एवढं डोकं चालवलं असतंस तर," असं म्हणून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

न्हावऱ्यात विशाखाचे वडील, आप्पा, दुष्काळी कामावर खडी फोडतात. सुट्टी म्हणून घरी होते. जय भीम झाला, पानं वाढली. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी. पाळकसाहेब पहिलाच तुकडा चघळत बसले.

"खावा, पाळकसाहेब," आप्पा म्हणाले. "अमेरिकेची हाय. तुमच्याच पावण्यांनी धाडलीया."

सगळे हसले. जेवण झाल्यावर पाळकसाहेबांनी विषय काढला. बाप्तिस्म्याबरोबर आमच्यात नवं नाव देतात, तेही त्यांनी ठरवून आणलं होतं. रूथ. बायबलातली, मवाब देशातली, परक्या जातीची, पण इस्राएलाच्या देवाला शरण आलेली. मला ते नाव फार आवडलं होतं.

आप्पा म्हणाले, "ही जन्मली तवा हिचं नाव धोंडी. आमच्यात चांगलं नाव ठिवलं की गाव हसायचं. दीक्षा घेऊन आलो आन् पयलं काम काय केलं, तर हिचं नाव विशाखा ठिवलं. त्ये पुसाया आलाय व्हय?"

विशाखा दारात उभी होती. मला म्हणाली, "तू विचारायला आलास की सांगायला?"

मी उठून चपला घातल्या. बाहेर आल्यावर मी पाळकसाहेबांवर तोंड सोडलं आणि त्यांना तिथंच ठेवून समोर आली त्या शिरूरच्या गाडीत चढलो. शिरूरच्या स्टँडवर भजी बरी मिळतात. मी ती तशीच ठेवून पिशवी उघडली. पाळकसाहेबांचं बायबल माझ्याच पिशवीत राहिलं होतं. त्यातलं रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं, तिथंच बसून वाचलं. सासूबरोबर ती बेथलेहेमात येते, पण तिथं कुणीही तिचं नाव बदललेलं नाही. वेशीत वडीलधाऱ्यांसमोर तिच्याशी लग्न करणारा बवाज तिला मवाबी रूथच म्हणतो.

परतताना न्हावऱ्याला उतरलो, पाळकसाहेब केव्हाच दौंडला निघून गेले होते. विशाखाला सांगितलं, बाप्तिस्मा नको, नाव नको, तू आहेस तशी.

"घरी बोललास?"

"नाही."

"मग इथं कशाला बोलतोस? तिथं बोल."

घरी बोललो. बाबा शांतपणे म्हणाले, "रूथनं नाव नसेल बदललं, देव बदलला."

"आपणहून, बाबा. सासू, नामी, तर तिला माघारी जा म्हणत होती."

बाबांनी ताट सरकवलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आई दोघांमधे निरोप पोचवते. पाळकसाहेबांनी सांगून टाकलंय, हे लग्न आमच्या देवळात, चर्चमधे, लागणार नाही.

शेजाऱ्यांच्या संगतीनं इस्राएल कसा बिघडला, हे मला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. इस्राएलाच्या शेजारी राहून त्या लोकांचं काय झालं, हे आम्हाला कुणी विचारायला शिकवलं नाही. एज्राच्या पुस्तकातल्या त्या बायका पोरं काखेला मारून कुठल्या रस्त्यानं गेल्या असतील, हे आता मला रोज दिसतं.

उद्या पहिल्या गाडीनं पुन्हा न्हावऱ्याला चाललोय, एकटा. विशाखा हो म्हणेल असं नाही. विचारायला चाललोय.