कारण न सांगता

दुकानांच्या पाट्या रंगवणारा म्हणून सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. एका दमात ओढलेली त्याची रेघ केसभरही हलायची नाही. पण छापील फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश वाळत पडले. मग कुणीतरी औषधांच्या चाचणीचं सुचवलं. धडधाकट माणसांनी नवं औषध घ्यायचं, अठरा दिवस तिथेच राहायचं, ठरल्या वेळी रक्त द्यायचं. तो गेला.

आई लवकर गेल्यामुळे त्याला थोरल्या बहिणीनंच वाढवलेलं. ताई आता मुलाकडे परदेशी कायमची निघाली होती. चाचणी संपल्यावर चार दिवसांनी तिचं विमान होतं. ते चार दिवस पेंटरनं मनात जपून ठेवले होते.

वॉर्डात त्याला नाव नव्हतं. तो अकरा नंबर. गोळी गिळली की नर्स टॉर्च मारून जिभेखाली बघायची.

"घोडा विकत घेतानाही एवढे दात बघत नाहीत," शेजारच्या खाटेवरचा शिंपी म्हणाला. त्याला दोन दिवस चक्कर येत होती, पण तो बोलला नव्हता. बोललो तर घरी पाठवतील, ही भीती.

बाराव्या दिवशी ताईचा फोन आला.

"अरे, तिकीट अलीकडचं झालं. परवा निघते. येशील ना?"

"येतो," तो म्हणाला आणि तडक देखरेख करणाऱ्या साहेबांकडे गेला. "संमतीपत्रात लिहिलंय, कधीही, कारण न सांगता जाता येईल."

"जा की, कोण अडवतंय? पण पैसे पूर्ण दिवस राहणाऱ्यालाच."

"बारा दिवसांचे तरी?"

"एकाही दिवसाचे नाहीत."

घरी चूल त्याच पैशांची वाट बघत होती. तो थांबला.

ताई घराला कुलूप लावत असेल त्या वेळी त्याच्या दंडाला पट्टा बांधला जात होता. नर्स म्हणाली, "मूठ आवळा. हं, आता सोडा." त्याला मूठ सोडवेना. तिनं दोनदा सांगितलं, मग स्वतःच हळूच त्याची बोटं उलगडली. "कुणी आजारी आहे का घरी?" तिनं विचारलं. "नाही," तो म्हणाला.

सुटल्यावर तो घरी जाऊन गप्प बसला नाही. संमतीपत्राच्या तळाशी अशा चाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा पत्ता होता. त्यानं आपल्या वळणदार अक्षरात दोन पानं लिहिली आणि शिंप्याचीही सही घेतली. महिन्याभरात बोलावणं आलं. समितीच्या अध्यक्ष बाईंनी विचारलं, "तुमची मागणी काय?"

"माझं जे हुकलं ते तुमच्या हातात नाही, बाई. पण माणूस मधेच निघाला तर राहिला तेवढ्या दिवसांचे पैसे द्या. नाहीतर कागदावरचं ते वाक्य खोडून टाका."

वाक्य राहिलं, नियम बदलला. त्रास लपवायची गरज नाही, असंही आता पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाचून दाखवतात. शिंपी भेटला की सांगतो, "तुझ्यामुळे झालं बरं का." पेंटर हसतो.

ताई रविवारी फोन करते. तिचा आवाज जरा उशिरानं पोचतो, त्यामुळे दोघं एकदमच बोलतात आणि एकदमच थांबतात.

"जेवलास का?" ती विचारते.

"हो," तो सांगतो. फोन ठेवल्यावर उगाच पायात चपला अडकवतो, तिच्या गल्लीपर्यंत जातो. तिच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. खिडकीत कुणाचे तरी कपडे वाळत असतात. थोडा वेळ उभा राहून तो परत फिरतो.