पगडीवालं अस्वल

आमच्या दाणाओळीतल्या चित्रकार काकांइतका मान जगात कुणीच जनावरांना दिला नसेल, असं मला वाटतं. मी अजून फारसं जग पाहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मीच पहिला. तरी हे विधान मागे घ्यायची वेळ येईलसं वाटत नाही.

काका मुलांच्या गोष्टींसाठी चित्रं काढतात. बकरीसमोर बसले की आधी तिची विचारपूस, मग पेन्सिल. आणि एक नियम पक्का: वयात आलेला प्राणी बोडक्या डोक्यानं कागदावर येणार नाही. वडीलधारी मंडळी पगडीशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाहीत, मग कोल्ह्यानं का पडावं? दौलतगंजच्या दूधवाल्यानं आपल्या रेड्याचं चित्र पाहून हातच जोडले. "पंडितजी, भैंसे को पगड़ी पहना दी? अब ये गाड़ी खींचेगा?"

काकांची चित्रं तेव्हा गल्लीतल्या पोरांच्या हातात फाटूनच संपत. आपलं एक तरी छापील पुस्तक व्हावं, एवढीच त्यांची आयुष्यभराची इच्छा. मग शिंदे दरबारानं मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं मागवली. पहिल्या येणाऱ्याला पदक, आणि त्याचं पुस्तक छापून शाळाशाळांत जाणार. काकांनी अस्वलाची गोष्ट घेतली आणि सवयीनं अस्वलाला शिंदेशाही पगडी घातली.

मी भीत भीत म्हटलं, "काका, तिथे सगळे हीच पगडी घालून बसलेले असतील."

"मग अस्वलाला परकं वाटणार नाही," काका म्हणाले.

परीक्षक एक वृद्ध सरदार होते. चित्र पाहताच त्यांचा हात स्वतःच्या पगडीकडे गेला. "ही थट्टा कुणाची?"

पदक गेलं, पुस्तकही गेलं, असं मला वाटलं. काका मात्र मनापासून गोंधळले. "थट्टा नाही, सरकार. अस्वल लेकीच्या सासरी निघालंय. व्याह्यांपुढे बोडकं कसं पाठवू?"

सरदारांनी चित्र पुन्हा जवळ घेतलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "पगडी डावीकडे झुकली आहे. व्याह्यांकडे जाताना सरळ हवी."

काकांनी तिथेच ती सरळ केली. पदक मिळालं. घरी येण्याआधी ते त्यांनी रेड्याला दाखवून आणलं.

पुस्तक आता गावोगावी वाचलं जातं, पण काकांना जवळचं नीट दिसेनासं झालं आहे. तरी नव्या पुस्तकाचं काम चालू आहे. त्यात काखेत पुस्तकं घेऊन कॉलेजला निघालेलं एक तरणं अस्वल आहे. डोक्यावर काहीच नाही.

"हे बोडकं कसं?" मी विचारलं.

"शिकतंय अजून. डोक्यात काय भरतंय ते बघू, मग डोक्यावरचं ठरवू."

त्याच्या डोक्यावरची जागा त्यांनी कोरी ठेवली आहे. माझी परीक्षा चैत्रात आहे. तोवर काकांचे डोळे टिकोत, इतकंच मागणं आहे.