जाऊबाईंना उठवलं ती सकाळ

शेतात हरळी दिसली की आमचे सासरे तिच्या सात पिढ्या उद्धरायचे. आणि इथं, गोल्फच्या मैदानावर, तीच हरळी पोसायची! पाणी पाजायचं, खत घालायचं, रोज सकाळी हजामत करायची. पहिल्या दिवशी मला हसूच आवरेना. थोरल्या जाऊबाईंनी डोळे वटारले तेव्हा गप्प झाले. त्या माझ्याआधीपासून इथं कामाला. मला आणलं त्यांनीच. गवतात लपलेला लव्हाळा बोटांनी कसा चाचपायचा, खुरप्याच्या टोकानं गड्ड्यासकट कसा उपटायचा, हेही त्यांनीच शिकवलं.

मग नवं मशीन आलं. झेंड्याभोवतीचं एकदम बारीक गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात, ते कापायचं मशीन. साहेबांनी आम्हा बायकांना विचारलं, गाडी कोण चालवतं? मी स्कूटी चालवते, हात वर केला. झालं! मी मशीनमागं चालायला लागले आणि जाऊबाई खुरप्यावरच राहिल्या. दिवाळीपासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. एक घर, एक चूल, येण्याजाण्याची एक स्कूटी, आणि वर अबोला. मी हाक मारली की मुद्दाम मान फिरवायच्या. मीही काही कमी नाही. म्हटलं, बसा फुगून, माझं काय अडलंय!

थंडीचे दिवस होते. ऊन पडलं होतं, पण ओढ्याकडच्या ग्रीनवर धुकं रेंगाळत होतं. तिथं कुंपणापलीकडं ऊस आहे, अलीकडं वाढलेलं गवत, मग खेळासाठीच केलेला वाळूचा खड्डा आणि लगेच ग्रीन. मी लांब काठीनं दव झाडलं आणि मशीन सुरू केलं. जाऊबाई वाळूच्या खड्ड्याशी उकिडव्या बसून लव्हाळा काढत होत्या. पाठ उसाकडं, मान खाली.

मशीनचा पट्टा सरळ यायला हवा, म्हणून मी समोरच्या निलगिरीवर नजर ठेवून चालते. टोकाला वळले आणि निलगिरीऐवजी मला वाघ दिसला. म्हणजे बिबट्या, आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर बसला होता. घराच्या ओट्यापासून गोठा असतो ना, जाऊबाईंपासून तेवढाच लांब. माझ्याकडं त्याचं लक्षही नव्हतं. तो त्यांची पाठ बघत होता.

आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल, वाघ उभ्या माणसाला बिचकतो. खाली बसलेलं माणूस त्याला शेळीच वाटतं. आणि जो पळतो त्याच्यामागं तो लागतोच. म्हणजे जाऊबाई उठायला हव्या होत्या, पण पळायला नको होत्या. आणि त्या कसल्या भित्र्या! पाल दिसली तरी अंगणात धावतात. ‘वाघ’ म्हटलं की पदर सावरत वाट फुटेल तिकडं सुटल्या असत्या.

मशीनच्या आवाजात हाक ऐकू जाईना. बंद करावं तर त्या आवाजानंच तो थबकला असला तर? शेवटी बंद केलं. एकदम सगळं शांत झालं.

“बाई, उठा,” मी म्हणाले. “जरा उभ्या राहा.”

ऐकलं त्यांनी. खांदे ताठ झालेले मला दिसले. पण अबोला ना! उलट आणखी वाकून त्या मुळं उकरायला लागल्या.

“बाई, पाया पडते, उठा.”

खुरपं चालूच. वाघानं एक पाय वाळूत टाकला. मग दुसरा. इतका हळू, की वाळूही वाजली नाही.

जाऊबाईंचे वडील सायखेड्याचे, हलवाई. नुकतेच वारले होते. त्यांच्याबद्दल घरात कुणी ब्र काढलेला चालत नसे. मला ते पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी ओरडले, “तुमच्या धाकट्याच्या बारशाला तुमच्या बापानं बुंदी आणली, ती शिळी होती! आंबूस वास येत होता!”

त्या ताडकन उठल्या. हातात खुरपं, पदर खांद्यावरून घसरलेला. “काय म्हणालीस? माझ्या मेलेल्या बापाचं नाव घेतेस? जीभ झडंल तुझी! भवाने, लय माज आला का गं मशीनचा?” आणि सरळ माझ्याच अंगावर चालून आल्या.

मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. वाघ वाळूत दबून बसला होता. ‘बोला, बाई,’ मी मनात म्हणत होते, ‘थांबू नका.’ तोंडानं म्हणाले, “बुंदीची कळीही कच्चीच तळली होती!” त्यांचा आवाज टिपेला पोचला. वाघानं कान मागं पाडले, उठला, वळला आणि गवतात शिरला. उसाचे शेंडे हलले आणि थांबले.

मी ग्रीनवरच बसले आणि नुसतं बोट दाखवलं.

जाऊबाई वळल्या. आम्हीच सकाळी दाताळ्यानं सारखी केलेली वाळू. त्यावर पंजे उमटले होते, खड्ड्याच्या निम्म्यापर्यंत आलेले आणि तिथूनच फिरलेले. त्यांनी ते पाहिले, मग आपण बसलो होतो ती जागा पाहिली. खुरपं हातातून पडलं. त्या माझ्या शेजारी मटकन बसल्या.

“बुंदी शिळी नव्हती,” त्या म्हणाल्या.

“नव्हती, बाई. मी पातेलं पुसून खाल्ली होती.”

“मग दुसरं काही सुचलं नाय तुला? बापच सापडला?”

मला रडू फुटलं. “दुसऱ्या कशानं उठला असतात का?”

त्यांनी जरा विचार केला. “नसते उठले,” म्हणाल्या, आणि पदरानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.