भरतीच्या वेळेची साक्ष

सरकारी वकिलाने खटला जिंकावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते, आणि मला तर जिंकायची भारी हौस. म्हणूनच ती फाईल शेवटच्या टप्प्यात पुन्हा चाळताना माझा मलाच राग आला.

पाचूबंदरला पहाटे सहाला कुणीतरी एक होडी पेटवली होती. आरोपी तिशीतला खलाशी, दोन पावसाळे तुरुंगात. साक्षीदार एकच, त्याच्या शेजारची म्हातारी मासेवाली. तिने त्याला डिझेलचा डबा घेऊन धक्क्यावर पाहिलं होतं. किती वाजता, असं विचारायचं सोडून मी घाईत म्हणालो होतो, "सहाच्या सुमारास ना, मावशी?" तिने मान डोलावली. बचावाच्या वकिलांनीही हरकत घेतली नाही.

युक्तिवादाच्या आदल्या दिवशी पोलिसांच्या कागदांत तिचा आधीचा जबाब सापडला. कुणा हवालदाराने तिच्याच शब्दांत लिहिलेला: पौर्णिमा होती, पाणी भरलं होतं. त्याची नक्कल आरोपीच्या वकिलांना कधी मिळालीच नव्हती. मी समुद्रापासून आत, बोळिंजच्या वाडीत वाढलेला, मला भरतीतलं काय कळणार? बायको मात्र अर्नाळ्याच्या कोळ्यांची. जेवताना तिला विचारलं.

"पौर्णिमेला पानी दुपारी बाराला भरतं," ती भात वाढत म्हणाली. "सहाला नुसता चिखल. होडी काढायची तर डिझेल भरतीलाच नेनार ना?"

म्हणजे मावशींनी त्याला पाहिलं ते होडी पेटली तेव्हा नव्हेच. कागद फाईलमध्येच राहिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि हा विचार मनात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी नक्कल बचावाच्या वकिलांच्या हातात ठेवली आणि मावशींना पुन्हा बोलावण्याचा अर्ज मीच दिला. इतक्या उशिरा का, असं न्यायाधीशांनी विचारलं. चूक आमची आहे, असं सांगितलं.

मावशी घाबरूनच आल्या. खोटं बोललीस म्हणून आत टाकतील, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"मावशी, तेव्हा पाणी कसं होतं?"

"भरलेला. होड्या तरंगत व्हत्या."

"मग मागे सहा का म्हणालात?"

त्यांनी माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. "घड्याल तुमच्या हाताला हाय, साहेब. मला वाटला, तुमाला म्हायती."

कोर्टात कुणी हसलं नाही. मला खूप लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

निर्दोष असा निकाल लागला त्या दिवशी मावशी कोर्टाच्या पायरीवर आरोपीच्या आईला टेकून बसल्या होत्या. दोन वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मला पाहून त्या उठल्या.

"साहेब, कवा येल तो घरी?"

मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"उद्या," मी म्हणालो. "पाणी भरायच्या आत."

उद्याच्या भरतीची वेळ मी सकाळीच बायकोला विचारून आलो होतो.